"काय खाल्लं होतं?" "काहीच नाही." – वॉर्डात लपलेला बॉटुलिझम

रात्रपाळी (धागाकर्ती)

आठ-नऊ वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. मूळची मिरजेची, सध्या कॅनडात ओंटारिओ प्रांतात आयसीयूत नर्स. परवा रात्री दोन वाजता एका नव्या मुलीला जुनी केस सांगत होते. ती म्हणाली, हे लिहून का ठेवत नाहीस? म्हणून हा उद्योग. पेशंट ओळखू येऊ नये म्हणून बरेच तपशील बदललेत.

पन्नाशीतला माणूस. आतड्यांना क्रोन्सचा जुना आजार. लहान आतड्याचा तुकडा काढलेला, आत पू झाला म्हणून पुढे तीन आठवडे अँटिबायोटिक्स. घरी सोडायच्या गोष्टी चालल्या होत्या. एका दुपारी बायकोला म्हणाला, टीव्हीवर माणसं दोन-दोन दिसताहेत. ती म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला असेल. संध्याकाळी आवाज सर्दी झाल्यासारखा, नाकातून यायला लागला. तोंडाला कोरड पडतेय म्हणाला म्हणून बर्फाचे खडे दिले गेले. पोट चार दिवस साफ नव्हतं, पण आतड्याचं ऑपरेशन झालेल्या आणि वेदनाशामकं घेणाऱ्या माणसाचं पोट साफ नाही म्हटल्यावर कोण दचकतं?

रात्री स्ट्रोक समजून सीटी, मग एमआरआय. दोन्ही स्वच्छ. सकाळी पाणी पिताना ठसका लागला आणि पाणी नाकातून आलं. दुपारी उशी नीट करायला काढली तर मान मागे पडली, ती त्याला उचलता येईना. पाय मात्र छान हलत होते. रात्री आमच्याकडे आणलं आणि तासाभरात नळी घालून व्हेंटिलेटर लावला.

न्यूरोच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बॉटुलिझम शब्द काढला होता. म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बॉटुलिनम या जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडणं. मोठ्यांना ते सहसा बाधलेल्या अन्नातून होतं. पण बायकोला विचारलं, काय खाल्लं होतं? ती म्हणाली, काहीच नाही, गेला महिनाभर इथलंच जेवण. तेच जेवण अख्खा मजला जेवत होता आणि बाकी सगळे ठणठणीत. मग फाईलमध्ये बॉटुलिझमवर काट बसली. ती काट पुसायला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात हातही गेले, पायही गेले.

त्याने बाहेरचं विष खाल्लंच नव्हतं. विष त्याच्या आतड्यातच तयार होत होतं.

या जंतूचे बीजाणू मातीत, धुळीत, मधात, भाजीवर सगळीकडे असतात. तुम्ही-आम्ही ते रोज गिळतो आणि काही होत नाही, कारण आतड्यातली आधीची वस्ती त्यांना पथारी पसरू देत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात ही वस्ती झालेली नसते, म्हणून वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये म्हणतात. तो बाळांचा प्रकार १९७६ साली कॅलिफोर्नियात ओळखला गेला. मोठ्या माणसात तेच घडायला आतड्याची घडी विस्कटावी लागते: ऑपरेशन, क्रोन्ससारखा आजार, अँटिबायोटिक्सचा मारा. आमच्या माणसाकडे तिन्ही होतं.

हे अतिदुर्मिळ आहे, मान्य. पण २००६ ते २००८ च्या दरम्यान टोरांटो आणि आसपास १८ महिन्यांत असे पाच प्रौढ सापडले होते. त्यामुळे आमच्या प्रांतातल्या जुन्या लोकांना निदान शब्द तरी आठवतो.

प्रश्न असतील तर विचारा. दोन शिफ्टच्या मध्ये उत्तरं देईन.

---

शंकासुर

छान लिहिलंय ताई, पण थोडं स्पष्ट बोलतो. आजार कोटीत एखाद्याला होणारा. उद्या इथले अर्धे लोक चष्म्याचा नंबर वाढला की बॉटुलिझम म्हणून डॉक्टरांच्या डोक्यावर बसतील. याचा सामान्य माणसाला उपयोग काय?

---

रात्रपाळी

@शंकासुर, रास्त प्रश्न. अमेरिकेत सगळे प्रकार मिळून वर्षाला दोनशेच्या आगेमागे केसेस होतात आणि त्यात बहुसंख्य तान्ही मुलं. मोठ्यांच्या आतड्यातला प्रकार बोटांवर मोजण्याइतका. घरबसल्या कोणी घाबरावं असं नाहीच.

पण जो सापडतो तो इस्पितळात सापडतो. तिथे प्रत्येक लक्षणाला एक सोयीचं कारण आधीच तयार असतं. पापणी जड का? औषधांची गुंगी. आवाज का बदलला? नळी घातली होती ना. शौच नाही? ऑपरेशन. अशक्तपणा? महिनाभर पडून आहे. एकेक कारण पटण्यासारखं असतं म्हणूनच सगळी एकत्र ठेवून कोणी बघत नाही. ती एकत्र बघण्याची संधी बरेचदा रात्रभर उशाशी बसलेल्या नातेवाइकालाच मिळते.

---

सिंहगडरोडकर

आमच्या भागात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसने (गियाँ-बारे, नसांचा लुळेपणा आणणारा आजार) जो गोंधळ घातला तो विसरणं शक्य नाही. दोनशेहून जास्त पेशंट, टँकर, उकळलेलं पाणी, रोज नवी अफवा. आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंना झाला होता. त्यांच्याही हातापायातली ताकद गेली आणि त्याही व्हेंटिलेटरवर होत्या. मग हे त्याहून वेगळं कसं ओळखायचं?

---

ईएमजीवाली

न्यूरोलॉजीचं शिक्षण घेतेय, त्यामुळे रात्रपाळीताईंच्या आधी मीच घुसते.

काकूंना बहुतेक आधी पायात मुंग्या आल्या असतील, जिना चढवला नसेल, मग हात, मग श्वास. जीबीएस सहसा खालून वर चढतो. बॉटुलिझम वरून खाली उतरतो: डोळे, चेहरा, जीभ, घसा, मान, खांदे, दंड, मग श्वास आणि पाय. तोही दोन्ही बाजूंना सारखा. स्ट्रोकसारखी एकच बाजू जात नाही. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, ताप नाही, शुद्ध शाबूत.

गंमत अशी की जीबीएसचाच मिलर फिशर नावाचा भाऊ डोळ्यांपासून सुरू होतो. तिथे बरेच जण फसतात. त्यात चाल झोकांड्या खाते आणि गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. बॉटुलिझममध्ये स्नायू पार ढिले पडेपर्यंत पाय थोडाफार उडतो. पाठीतलं पाणी काढलं तर जीबीएसमध्ये प्रोटीन वाढलेलं, पण पहिल्या आठवड्यात तेही नॉर्मल येऊ शकतं. त्यामुळे त्या एका रिपोर्टवर उडी मारू नये.

दुसरा फसवणारा मायस्थेनिया, नस आणि स्नायूच्या सांध्याचा आजार. त्यातही पापण्या पडतात आणि दोन-दोन दिसतं. पण मायस्थेनियात बाहुली नॉर्मल असते आणि तोंड कोरडं पडत नाही. बॉटुलिझममध्ये बाहुली मोठी होऊन उजेडाला दाद न देणारी असू शकते. "असू शकते" मुद्दाम लिहिलंय, बाहुली नॉर्मल म्हणून बॉटुलिझम बाद करू नका. निओस्टिग्मीन (मायस्थेनियावरचं औषध) दिल्यावर बॉटुलिझमवालाही थोडा सुधारल्यासारखा वाटतो आणि डॉक्टर मायस्थेनिया म्हणून निश्चिंत होतात.

आमच्या ईएमजीच्या (नसा-स्नायूंच्या विद्युत तपासणीच्या) खोलीत आम्ही नस विजेने भरभर उद्दीपित करतो, सेकंदाला २० ते ५० वेळा. बॉटुलिझममध्ये स्नायूच्या प्रतिसादाची सुरुवातीची बुटकी लाट अशाने उंच होत जाते, मायस्थेनियात हळू उद्दीपनाला खाली येत जाते. पडद्यावर ती लाट वर चढताना बघणं हा या विषयातला एक निखळ आनंद आहे. पेशंटला मात्र ती तपासणी अजिबात आवडत नाही.

---

डॉक्टरकाका_घाटाखाली

मी रायगड जिल्ह्यात पस्तीस वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, आता निवृत्त. बॉटुलिझम एकही पाहिला नाही. किंवा पाहिला असेल आणि ओळखला नसेल, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पण वरची गोष्ट वाचताना मला माझा मण्यार आठवला. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. आठ वाजता डोळे उघडत नाहीत, नऊला थुंकी गिळवत नाही, दहाला श्वास जातो. दंशाची खूण शोधून सापडत नाही. घरचे म्हणतात, काही चावलं नाही, रात्रीची आमटी बाधली असेल. तुमच्या पेशंटच्या उलट गंमत बघा. तिथे काही खाल्लं नाही म्हणून निदान हुकलं, इथे काहीतरी खाल्लं म्हणून हुकतं.

मण्यारीचं विषही नस आणि स्नायूच्या त्याच सांध्यावर, नसेच्या बाजूने घाव घालतं. म्हणून चित्र इतकं सारखं. तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यात पापण्या पडलेला माणूस आला तर पहिलं नाव मण्यार, आणि सर्पविषाची लस द्यायला थांबू नये. त्या लशीचा बॉटुलिझमवर शून्य उपयोग, हेही लक्षात असू द्या.

कीटकनाशकाची विषबाधा बरोबर उलटी दिसते. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला फेस, घामाने चिंब. बॉटुलिझमवाला कोरडा ठक्क. जीभ खडबडीत, चिकटलेली. एवढा एक फरक बिनयंत्राचा कळतो.

---

रात्रपाळी

@डॉक्टरकाका, नमस्कार. हे कोरडेपण मी रोज हाताने तपासते. आमच्या माणसाची जीभ ओल्या बोळ्याने पुसली की बोळा चिकटायचा. पापणी उचलली की डोळा कोरडा. व्हेंटिलेटरवर होता पण छातीत कफ असा नव्हताच. मला तेव्हा याचा अर्थ लागला नव्हता, फक्त विचित्र वाटलं होतं.

---

बरणी

मी इथे खाण्यापिण्याच्या धाग्यांवर असते, चुकून आत आले आणि आता झोप उडालीय. आमच्या घरी वर्षाचं लोणचं असतं. कैरीचं, लिंबाचं आणि लसणीचं. टाकून देऊ का?

---

ईएमजीवाली

@बरणी, कैरी-लिंबाच्या लोणच्याला हात लावू नका, म्हणजे खुशाल लावा. :) आंबटपणा ४.६ पीएचच्या खाली असला की हा जंतू वाढत नाही, शिवाय तुमचं मीठ भरपूर. लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवली असेल तर मात्र खरा प्रश्न आहे. लसूण मातीतून येते, आंबट नसते, आणि वर तेलाचा थर म्हणजे हवा बंद. १९८५ साली व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहात तेलातल्या चिरलेल्या लसणीने ३६ लोक आजारी पडले होते. त्यातले बरेच आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले आणि वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळी लेबलं लावली. एकाच ताटात जेवलेले लोक एकाच वॉर्डात आले नाहीत की असं होतं. तेव्हा लसणीत लिंबू पिळा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

उकळण्याबद्दल गैरसमज आहे तोही सांगते. तयार विष उकळल्याने मरतं. बीजाणू मरत नाहीत, त्यांना प्रेशरखाली १२१ अंश लागतात. म्हणून घरी डबाबंद केलेल्या बिनआंबट भाज्या जगभर बदनाम आहेत.

---

शंकासुर

म्हणजे हे सगळं तिकडच्या डबाबंद लोकांचं दुखणं. आपल्याकडे ताजं शिजवून खातात, आपल्याला नाही.

---

ईएमजीवाली

१९९६, गुजरात, निवासी शाळा. मुलं आजारी पडली, काही दगावली. संशय शेवेवर आला. हो, तीच, चण्याच्या पिठाची. आणि जंतू नेहमीचा बॉटुलिनम नव्हताच. क्लॉस्ट्रिडियम बुटिरिकम नावाचा त्याचा नातलग टाइप ई विष तयार करत होता (या विषाचे ए ते जी असे सात प्रकार आहेत). इटलीत याच बुटिरिकमने थेट पोटात ठाण मांडल्याच्या केसेस आहेत. बराटी नावाचा आणखी एक नातलग टाइप एफ तयार करतो. लॅबने फक्त एका नावाचा जंतू शोधला तर हे निसटतात. आधी विष शोधायचं, मग ते कोणी केलं ते.

---

बरणी

आता शेवसुद्धा. धन्यवाद.

---

हळदीचं_दूध

माझी मावशी चेहऱ्यावर बोटॉक्स घेते. ते आणि हे एकच ना? तिला कधी भीती आहे का?

---

रात्रपाळी

@हळदीचं_दूध, विष एकच. मात्रेचा फरक. परवान्याचं औषध, ठरलेली मात्रा, शिकलेला हात, तर ते जिथे टोचलं तिथेच राहतं. गडबड होते ती खोट्या किंवा अतितीव्र मालाने. २००४ मध्ये फ्लोरिडात माणसांसाठी परवाना नसलेलं तीव्र विष टोचून चौघं व्हेंटिलेटरवर गेले. टोचणाराही त्यात होता. २०२३ मध्ये तुर्कस्तानात वजन कमी करायला जठरात बोटॉक्स टोचून घेतलेले साठहून जास्त लोक आजारी पडले. त्यातले काही जर्मनीत घरी परतल्यावर इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरांनी "काय खाल्लं" असं विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं सांगा.

म्हणून "काय खाल्लं" सोबत आणखी दोन प्रश्न: कुठे काही टोचून घेतलं का, आणि अंगावर कुठे जखम आहे का. लोक सौंदर्याचे उपचार सांगायला लाजतात. नवऱ्याला बाहेर पाठवून विचारावं लागतं.

---

डॉक्टरकाका_घाटाखाली

जखमेचं बरं काढलंत. धनुर्वाताचा जंतू आणि हा, दोघे सख्खे नातलग. दोघेही मातीतले, दोघांनाही हवा नको. एक माणसाला धनुष्यासारखा ताठ करतो, दुसरा ओल्या फडक्यासारखा ढिला. धनुर्वात आम्ही पोटभर पाहिला. जखमेतून होणारा बॉटुलिझम पुस्तकात एका ओळीत होता.

---

रात्रपाळी

काका, उत्तर अमेरिकेत तो आता प्रामुख्याने हेरॉइन कातडीखाली टोचणाऱ्यांत दिसतो, कॅलिफोर्नियात विशेष. काळं, डांबरासारखं हेरॉइन. पण उघडं फ्रॅक्चर होऊन माती गेलेल्या माणसालाही होऊ शकतो. यात पोटाची तक्रार सहसा नसते, जखमेपासून लक्षणं यायला आठवडा-दीड आठवडा जातो आणि जखम वरून अगदी साधी दिसू शकते. शिवाय जखम पिकलेली असेल तर ताप असतो. मग "ताप आहे, म्हणजे बॉटुलिझम नाही" हे सूत्रही पडतं.

आणखी एक, जे वॉर्डात कामाला येईल. जेंटामायसिन, अमिकासिन या जातीची अँटिबायोटिक्स नस-स्नायूचा सांधा आणखी लुळा करतात. मॅग्नेशियमही. पेशंट अशक्त झाला, जंतुसंसर्ग असेल, दे अमिकासिन, असं करून आणखी खड्ड्यात घातल्यासारखं होतं.

---

खिडकीजवळ

मी कधी लिहीत नाही. बाबा (७१) अकरा दिवसांपूर्वी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले. शहर सांगत नाही. तीन दिवसांपासून उजवी पापणी खाली येते, संध्याकाळी जास्त. कालपासून डावीही. पोळी चावताना मध्येच थांबतात. राउंडला सांगितलं तर थकवा आहे म्हणाले. ऑक्सिजनचा आकडा ९८ आहे, त्यामुळे काळजी नाही म्हणाले. हा धागा वाचून हात थरथरताहेत. काय करू?

---

रात्रपाळी

आधी श्वास घ्या. इथून मी निदान करणार नाही, कोणी करूही नये. संध्याकाळी जास्त, चावताना दमणं, हे बॉटुलिझमपेक्षा दुसरंच काही वाटतंय. पण काय आहे ते ठरवण्याआधी एक गोष्ट तातडीची आहे. ९८ चा आकडा तुम्हाला फसवेल. श्वासाचे स्नायू थकत असले तरी ऑक्सिजन शेवटपर्यंत चांगला दिसतो आणि मग एकदम कोसळतो. आमच्या माणसाचा नळी घालायच्या अर्धा तास आधी ९७ होता.

बाबांना उठवून बसवा. खोल श्वास घ्यायला सांगा आणि एका श्वासात, साधारण सेकंदाला दोन या गतीने, मोठ्याने आकडे मोजायला सांगा. किती झाले ते लिहून ठेवा. मराठीत मोजलं तर पुढच्या वेळीही मराठीतच, कारण आपले एकोणतीस-सदतीस लांबलचक असतात. धडधाकट माणूस पन्नाशीच्या आसपास जातो. वीसच्या खाली असेल तर आत्ता, या क्षणी ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलवा. उशीवरून मान उचलता येते का तेही बघा. "थकवा" म्हणाले तर म्हणा, दोन्ही पापण्या पडताहेत, चावताना दमतात, एका श्वासात अमुक आकडे होतात, न्यूरोला दाखवायचं आहे. लक्षणं सांगा, आजाराचं नाव सांगू नका. नाव घेतलं की लोक नावाशी भांडतात.

पाणी-जेवण तूर्त तोंडाने देऊ नका, डॉक्टरांना विचारेपर्यंत.

---

ईएमजीवाली

+१. आणि अँटिबायोटिक्स कुठली चालू आहेत त्याचा फोटो काढून ठेवा. न्यूरोवाले पहिल्यांदा तेच विचारतील.

---

सिंहगडरोडकर

तोपर्यंत एक विचारतो, धागा भरकटवत असेन तर सोडून द्या. तुमच्या पेशंटचं पुढे काय झालं?

---

रात्रपाळी

सांगते.

फाईलवरची काट पुसली ती दुसऱ्या एका डॉक्टरांनी. राउंडला ते बायकोशी बोललेच नाहीत. त्यांनी ऑपरेशनची तारीख, अँटिबायोटिक्सचा तक्ता आणि शौच कधी झालं त्याची नोंद अशी तीन पानं शेजारी-शेजारी ठेवली. मग मला विचारलं, दुबळेपणा कुठून सुरू झाला? मी म्हटलं, वरून. ते म्हणाले, मग अन्न शोधत बसू नका, शौच पाठवा.

पण शौच होत नव्हतं, तीच तर तक्रार. एनिमा दिला, तोही निर्जंतुक साध्या पाण्याचा. सलाइनचा नाही, कारण त्याने पुढची तपासणी बिघडू शकते. रक्ताचा नमुना अँटिटॉक्सिन (या विषावरचा उतारा) देण्याआधी घ्यायचा, कारण नंतर रक्तात विष सापडत नाही. नमुने ओटावाला गेले, देशाची बॉटुलिझमची संदर्भ प्रयोगशाळा तिथे आहे. तपासणी अजूनही उंदरांवर करतात आणि निकालाला काही दिवस लागतात. निकालाची वाट बघायची नाही. संशय पक्का झाला की अँटिटॉक्सिन मागवायचं, त्याच रात्री द्यायचं. घोड्याच्या रक्तापासून केलेलं, सातही प्रकारांवर चालणारं. अमेरिकेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच: ताप नाही, दिसण्या-बोलण्या-गिळण्याची एखादी तक्रार आणि चेहऱ्या-डोळ्यांच्या लुळेपणाची एखादी खूण, एवढ्यावर संशय घ्या.

मात्र अँटिटॉक्सिन गेलेली ताकद परत आणत नाही. विष नसेच्या टोकात शिरून निरोप सोडणारी प्रथिनं कापून टाकतं. कापलेलं अँटिटॉक्सिन जोडत नाही, फक्त रक्तात अजून फिरणाऱ्या विषाला पकडतं. म्हणून दीड दिवसाचं मला एवढं वाटतं. पहिल्या दिवशी दिलं असतं तर कदाचित पाय वाचले असते. माझी ही तक्रार कोणा एकाबद्दल नाही. काट बसली तेव्हा मीही तिथेच उभी होते आणि मलाही ती पटली होती.

आतड्यातल्या प्रकारात आणखी एक खोड. कारखाना आत चालूच असतो. अँटिटॉक्सिन काही दिवसांत अंगातून जातं आणि विष पुन्हा चढू शकतं. आमचा माणूस दहाव्या दिवशी भुवया हलवायला लागला आणि चौदाव्या दिवशी पुन्हा थांबला. शौचात आठवडे-आठवडे विष सापडत राहिलं. टाइप ए. घरच्या फ्रिजमधलं सगळं तपासलं, काही मिळालं नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. दुसऱ्या रात्री मी त्याच्या पापण्या उचलून टॉर्च मारला. बाहुल्या मोठ्या, हलल्या नाहीत. डोळे सरळ समोर, फिरले नाहीत. हात-पाय नाहीत. शेजारची म्हणाली, मेंदू गेला की काय. (बॉटुलिझम मेंदूमृत्यूसारखा दिसल्याची केस वैद्यकीय साहित्यात आहे, हे मी पुढे वाचलं.) मी काही न बोलता त्याचे पाय नीट ठेवत होते. उजव्या पायाचा अंगठा एवढासा हलला. अगदी नखाएवढा. म्हटलं, ऐकू येतंय? परत हलला. मग म्हटलं, दुखतंय? दोनदा हलला. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं मग आमचं ठरलं.

सगळं ऐकत होता. शेजारची काय म्हणाली तेही.

---

डॉक्टरकाका_घाटाखाली

मण्यारीतही अगदी हेच. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. एका पोराला रात्रभर अँबू बॅगवर (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) ठेवला, घरच्यांनी पाळीपाळीने दाबली. पहाटे त्याचा चुलता म्हणाला, डॉक्टर, आता सोडा, पोरगं गेलंय. मी म्हटलं, नाडी आहे तोवर दाबायचं. तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि चुलत्याशी महिनाभर बोलला नाही.

---

सिंहगडरोडकर

काका 🙏

---

रात्रपाळी

@डॉक्टरकाका, हसू आलं आणि डोळ्यात पाणीही.

आमचा माणूस नऊ आठवडे व्हेंटिलेटरवर होता. नसेला नवे कोंब फुटेपर्यंत थांबावं लागतं, त्याला औषध नाही. मधल्या काळात त्याच्याशी बोलणं, कूस बदलणं, डोळ्यांत थेंब टाकणं, पायाचे व्यायाम. घरी गेला तेव्हा वॉकर होता आणि दोन-दोन दिसणं शेवटपर्यंत थोडं राहिलं.

एक काळ होता, या आजारात निम्म्याहून जास्त लोक जायचे. आता आयसीयू असेल तर शंभरात पाचच्या खाली. फरक मुख्यतः व्हेंटिलेटरने आणि वेळेवर लक्ष गेल्याने पडला.

@खिडकीजवळ, काही कळलं का?

---

खिडकीजवळ

उशीर झाला लिहायला, माफ करा.

परवा रात्री बाबांनी एका श्वासात चौदा मोजले. मी पळत गेले. ड्युटीवर नवीन मुलगी होती, तिला तुम्ही सांगितलं तसं फक्त लक्षणं सांगितली. तिने स्वतः पुन्हा मोजायला लावलं, तेरा आले. तिने लगेच न्यूरोला फोन केला, बाबांना रात्रीच आयसीयूत हलवलं. नळी घालावी लागली नाही. मास्कवर होते.

बॉटुलिझम नाही. मायस्थेनिया निघाला. आधीपासून असणार, ऑपरेशन आणि एका अँटिबायोटिकने वर आला म्हणाले. ते अँटिबायोटिक बंद केलंय, पाच दिवस इंजेक्शनं देणार आहेत. फोटो उपयोगी पडला, @ईएमजीवाली.

---

ईएमजीवाली

संध्याकाळी जास्त लिहिलं होतंत ना, तेव्हाच वाटलं होतं. आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं) चालू असेल. बाबांना गोळ्यांची वेळ चुकवू देऊ नका पुढे.

---

शंकासुर

वरचा माझा पहिला प्रतिसाद संपादित करायची सोय आहे का?

---

बरणी

राहू दे. मीही लसणीची बरणी फ्रिजमध्ये ठेवलीय.

---

रात्रपाळी

@खिडकीजवळ, आज किती मोजले?

---

खिडकीजवळ

सकाळी बावीस. आत्ता सव्वीस. सत्तावीसला थांबून म्हणाले, भूक लागलीय.